मंच गेला, शब्द राहिला

इंग्रजी वर्तमानपत्रें नित्य वाचणाऱ्यांना एक शब्द ओळखीचा आहे. निवडणुकीचे दिवस जवळ आले, उमेदवारांचे दौरे सुरू झाले, कीं मथळ्यांतून ‘हस्टिंग्ज’ हा शब्द डोकावूं लागतो. अमुक पुढारी हस्टिंग्जवर निघाले, तमुक पक्षानें हस्टिंग्जसाठीं कंबर कसली, असें आपण वाचतों, संदर्भावरून ‘निवडणुकीची धामधूम’ एवढा अर्थ काढतों आणि पुढच्या मजकुराकडे वळतों. हा अर्थ चुकीचा नाहीं. परंतु एका दीर्घायुषी शब्दाचा तो अगदीं अलीकडचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला अर्थ आहे. ज्या वस्तूचें हें नांव, ती वस्तु इंग्लंडांतून १८७२ सालींच नाहींशी झाली. वस्तु गेल्यावरही नांव दीडशें वर्षें टिकून राहतें, तेव्हां त्या नांवाला कांहीं तरी सांगावयाचें असतें. तें काय, हें आज पाहूं.

प्रथम त्याचें व्याकरण. हा शब्द आज बहुधा अनेकवचनींच चालतो. आपल्याकडे ‘हाल’, ‘डोहाळे’, ‘अक्षता’ हे शब्द असेच आहेत. माणूस एकटा असला तरी त्याचे हाल होतात. लेक एकुलती असली तरी तिला डोहाळे लागतात. त्याचप्रमाणें गांवांत मंच एकच असला तरी इंग्रज त्याला अनेकवचनीं नांवानेंच ओळखीत आला. मूळ शब्द मात्र एकवचनी होता, ‘हस्टिंग’. आणि तो इंग्रजांचा स्वतःचा नव्हता.

आठव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांच्या धाडी येऊं लागल्या. लुटीसाठीं आलेल्या ह्या नॉर्स लोकांपैकीं पुष्कळजण पुढें तेथेंच जमीन कसून राहिले आणि त्यांचे अनेक शब्द इंग्रजींत रुजले. त्यांच्या भाषेंत ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘थिंग’ म्हणजे सभा. स्वतंत्र पुरुषांनीं उघड्यावर एकत्र जमावें, तंटे तोडावे, कायदे ठरवावे, ही त्यांची जुनी रीति होती. आइसलंडांत ९३० सालीं स्थापन झालेल्या सभेचें ‘आल्थिंग’ हें नांव तेथील लोकसभा आजही मिरवीत आहे. नॉर्वेच्या ‘स्टॉर्टिंग’ व डेन्मार्कच्या ‘फोल्केटिंग’ ह्या नांवांतही तोच शब्द आहे. इंग्रजींत वस्तूला ‘थिंग’ म्हणतात, तोही हाच. आधीं सभा, मग सभेपुढें आलेलें प्रकरण, मग कोणतीही बाब, आणि शेवटीं टेबलावरचा चमचासुद्धां, असा त्याचा प्रवास झाला. ‘हूसथिंग’ म्हणजे मात्र सर्वांची सभा नव्हे. राजानें किंवा सरदारानें आपल्या पदरच्या माणसांना बोलावून केलेली ती मसलत. आपल्याकडील शब्द वापरावयाचा तर ती खासगीची बैठक.

इंग्रजांच्या जुन्या बखरींत, म्हणजे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्यें, हा शब्द एका रक्तरंजित प्रसंगीं भेटतो. १०११ सालीं डेन लोकांनीं कँटरबरी शहर घेऊन तेथील आर्चबिशप आल्फेज ह्यास कैद केलें. आपल्या सुटकेसाठीं कोणींही खंडणी भरूं नये, असें त्यानें निक्षून सांगितलें. पुढच्या वर्षीं एप्रिल महिन्यांत, ग्रीनिच येथें, मद्यानें बेहोष झालेल्या डेन शिपायांनीं त्याला ओढीत आपल्या हस्टिंगपुढें आणलें, जेवणांतून उरलेलीं हाडें व बैलांचीं मुंडकीं त्याच्यावर फेंकलीं आणि शेवटीं एकानें कुऱ्हाडीच्या घावानें त्याचा प्राण घेतला. सातशें वर्षांनंतर ह्याच नांवाच्या मंचावर उभ्या राहिलेल्या उमेदवारांवर लोक नासकीं अंडीं व मेलेलीं मांजरें फेंकीत असत. दोन्ही प्रसंगांचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध नाहीं. तथापि ह्या शब्दाच्या भोंवतीं आरंभापासून गर्दी, आरडाओरडा आणि फेंकाफेंक आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

लंडन शहरांत मात्र ह्या शब्दाला प्रतिष्ठा लाभली. शहराच्या सर्वांत जुन्या न्यायालयाचें नांवच ‘कोर्ट ऑफ हस्टिंग’. तें सोमवारीं भरे. जमिनींचे दावे तेथें चालत आणि नागरिकांचीं मृत्युपत्रें तेथें नोंदविलीं जात. १२५८ पासून १६८८ पर्यंतच्या अशा मृत्युपत्रांच्या नोंदी उपलब्ध असून मध्ययुगीन लंडनचा इतिहास लिहिणारांना ती मोठी ठेव वाटते. हें न्यायालय गिल्डहॉल नांवाच्या नगरमंदिरांत भरत असे. तेथें एका टोंकास थोडा उंच चौथरा होता व त्यावर लॉर्ड मेयर आणि आल्डरमन बसत. लोक त्या चौथऱ्यालाच हस्टिंग्ज म्हणूं लागले. सभेचें नांव बैठकीच्या जागेला चिकटलें. शब्दांच्या दुनियेंत असें नेहमीं घडतें. ‘दिवाण’ हा फारसी शब्द पाहा. आरंभीं तो हिशेबाच्या वहीचा वाचक होता. पुढें ती वही जेथें ठेवीत त्या कचेरीचा झाला. मराठींत तो कारभाऱ्यास लावतात, आणि दिवाणखान्यांत गादी घालून ज्यावर बसतात त्या बैठकीसही दिवाणच म्हणतात.

गिल्डहॉलच्या चौथऱ्यावरून हा शब्द अठराव्या शतकाच्या आरंभास बाहेर पडला आणि पार्लमेंटच्या निवडणुकीसाठीं गांवोगांव उभारल्या जाणाऱ्या लांकडी मंचाचें तें नांव झालें. येथून त्याचें खरें सार्वजनिक आयुष्य सुरू होतें.

त्या काळची निवडणूक कशी होत असे, हें नीट समजून घेतलें पाहिजे. ठरलेल्या दिवशीं शेरीफ किंवा मेयर मंचावर येऊन राजाज्ञा वाचून दाखवी. मग एकेका उमेदवाराचें नांव सुचविलें जाई, त्यास अनुमोदन मिळे आणि उमेदवार भाषण करी. खालीं चौकांत जमलेल्या समुदायास हात वर करावयास सांगत. ज्याच्या बाजूनें अधिक हात दिसत त्याचें नांव अधिकारी जाहीर करी. हरलेल्या पक्षानें मागणी केली म्हणजेच प्रत्यक्ष मतदान होई. त्या वेळीं प्रत्येक मतदारानें पुढें होऊन, आपलें नांव सांगून, आपलें मत कोणाला तें सर्वांदेखत मोठ्यानें बोलावयाचें. कारकुनानें तें वहींत उतरून घ्यावयाचें. ह्या वह्या पुष्कळ ठिकाणीं छापून विकल्या जात. शिंप्यानें कोणाला मत दिलें, खाटकानें कोणाला, हें कोणालाही विकत घेऊन वाचतां येत असे.

ह्या पद्धतीचे दुष्परिणाम सांगावयास फार तर्क नको. चित्रकार हॉगार्थ ह्यानें १७५४-५५ सालीं निवडणुकीवर चार चित्रें काढलीं. तीं आज लंडनमध्यें सर जॉन सोन ह्यांच्या संग्रहालयांत आहेत. त्यांपैकीं मतदानाच्या चित्रांत मरणोन्मुख माणसास उचलून मंचावर आणलें आहे, बुद्धिहीन मनुष्याच्या कानांत दुसरा कोणी उत्तर कुजबुजत आहे, आणि एक हात गमावलेला जुना शिपाई हाताच्या जागीं बसविलेला आंकडा पुढें करून शपथ घेत आहे. १७८४ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकींत कोव्हेंट गार्डन येथील मंचावर मतदान तब्बल चाळीस दिवस चाललें. चार्ल्स जेम्स फॉक्स ह्याच्यासाठीं डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना दुकानोदुकानीं फिरली आणि मतासाठीं तिनें एका खाटकास चुंबन दिलें, असा गवगवा विरोधकांच्या व्यंगचित्रांनीं केला. दारू फुकट, जेवण फुकट, आणि ह्या सर्वांचा खर्च उमेदवाराच्या माथीं.

एवढ्यावरून हस्टिंग्ज म्हणजे नुसता तमाशा होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्या चौकांत एक गोष्ट अशी घडत होती, कीं जिच्याकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. जमलेल्या गर्दींत मताचा हक्क असलेले थोडे आणि नसलेलेच फार. १८३२ च्या सुधारणेनंतरही मजूर, कारागीर, बहुतेक शेतमजूर मताविना होते. स्त्रिया तर मुळींच हिशेबांत नव्हत्या. परंतु हात वर करावयास सांगितल्यावर कोणता हात मतदाराचा आणि कोणता बिनमताचा, हें मंचावरून कसें ओळखणार? बिनमताचा हात वर जाई, तो मोजलाही जाई. कायद्यानें ज्याला कांहींच स्थान दिलें नव्हतें, तो मनुष्य वर्षानुवर्षांतून एकदां, घटकाभर, आपल्या प्रदेशाच्या प्रतिनिधीस समोरासमोर प्रश्न विचारूं शके, टर उडवूं शके, आणि हात वर करून आपलें मन उघड करूं शके.

सुधारणावाद्यांनीं ह्या संधीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. चार्टिस्ट चळवळीचे लोक उमेदवार उभा करीत, मंचावरून आपल्या मागण्या मांडीत, हातांच्या मोजणींत जिंकत, आणि प्रत्यक्ष मतदानाच्या वेळीं माघार घेत; कारण त्यांच्या पाठीराख्यांना मतेंच नव्हतीं. १८४७ सालीं टिव्हर्टन येथें जॉर्ज ज्यूलियन हार्नी ह्या चार्टिस्ट संपादकानें परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामर्स्टन ह्यांच्या कारभाराचा मंचावरून खरपूस समाचार घेतला, आणि साम्राज्याच्या त्या धुरीणास गांवच्या चौकांत उभें राहून विस्तारानें उत्तर द्यावें लागलें. हार्नी पुढें मतदानाला गेलाच नाहीं. पण उत्तर त्यानें वसूल केलें होतें. निवडणूक नसतांही लोकांनीं आपल्या सभेच्या मंचास हेंच नांव दिलें. १६ ऑगस्ट १८१९ रोजीं मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर हेन्री हंट ह्याचें भाषण ऐकण्यासाठीं हजारों लोक जमले असतां घोडेस्वार त्यांच्यावर धांवून गेले. दोन गाड्या एकमेकींस बांधून केलेल्या ज्या मंचाकडे त्यांनीं घोडे घातले, त्याला त्या वेळचे साक्षीदार हस्टिंग्जच म्हणतात.

इंग्रजी कादंबरीकारांना असा विषय न सुचता तरच नवल. चार्ल्स डिकन्स तरुणपणीं वृत्तपत्राचा बातमीदार होता. १८३५ सालीं एक्झेटर येथें लॉर्ड जॉन रसेल ह्यांचें निवडणुकीचें भाषण त्यानें भर पावसांत टिपून घेतलें. दोन स्नेह्यांनीं त्याच्या वहीवर हातरुमालाचें छत धरलें होतें. त्या अनुभवांतून ‘पिकविक पेपर्स’मधील ईटनस्विल गांवची निवडणूक उतरली. तेथें निळे आणि पिवळट असे दोन पक्ष आहेत. उमेदवार नीट धुतलेल्या माणसांशीं हस्तांदोलन करतो, आयांच्या कडेवरचीं मुलें कुरवाळतो, आणि मंचावरील भाषणांतलें अक्षरही बँडच्या व ओरडण्याच्या गदारोळांत कोणाला ऐकूं येत नाहीं. वाचक पोट धरून हंसतो. पण जॉर्ज इलियटच्या ‘फेलिक्स होल्ट’ ह्या १८६६ सालच्या कादंबरींत तोच चौक आला, कीं हंसूं मावळतें. नुनीटन येथील १८३२ ची निवडणुकीची दंगल तिनें लहानपणीं पाहिली होती. फुकट पाजलेल्या दारूनें पेटलेला जमाव पाहतां पाहतां कोणाच्याही हाताबाहेर जातो आणि त्याला आवरावयास निघालेला सज्जन कामगारच गुन्हेगार ठरतो, हें तिनें दाखविलें आहे. अँथनी ट्रॉलपनें तर हा अनुभव स्वतःच्या खर्चानें घेतला. १८६८ सालीं तो बेव्हर्ली येथून उभा राहिला, चार उमेदवारांत शेवटचा आला, आणि लांचलुचपतीमुळें पुढें त्या गांवाचा प्रतिनिधि निवडण्याचा हक्कच काढून घेण्यांत आला. ‘राल्फ द हेअर’ ह्या कादंबरींतील निवडणूक ही त्या पंधरवड्याची कमाई. तिघांपैकीं एकाच्याही लेखनांत ‘हस्टिंग्ज’ हा नुसता शोभेचा शब्द नाहीं. पुढाऱ्याला अंगणांत उतरून लोकांपुढें उभें राहावें लागतें अशी ती जागा आहे, आणि तेथें पुढारी व लोक दोघांचीही परीक्षा होते.

हा मंच मोडावा कीं ठेवावा, ह्यावर इंग्लंडांत चाळीस वर्षें वाद चालला. ग्रीसचा इतिहास लिहिणारा जॉर्ज ग्रोट ह्यानें १८३३ पासून गुप्त मतदानाचा ठराव पार्लमेंटपुढें वारंवार आणला व दर वेळीं तो नापास झाला. आश्चर्य असें, कीं आगरकरांच्या पिढीनें ज्याचे ग्रंथ श्रद्धेनें वाचले, तो जॉन स्टुअर्ट मिल गुप्त मतदानाच्या विरुद्ध होता. १८६१ सालच्या प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील ग्रंथांत त्यानें मांडलें, कीं मत ही मतदाराची खासगी मालमत्ता नव्हे, ती त्याच्याकडे सोंपविलेली ठेव आहे. म्हणून ज्यांना मत नाहीं त्यांनाही तें कसें वापरलें हें दिसलें पाहिजे. मिल नुसतें लिहून थांबणारा नव्हता. १८६५ सालीं वेस्टमिन्स्टरमधून तो उभा असतां मजुरांच्या एका सभेंत त्याला विचारण्यांत आलें, कीं इंग्लंडचा कामगारवर्ग बहुधा खोटें बोलणारा आहे, असें तुम्ही लिहिलें आहे काय? त्यानें तत्काळ, आढेवेढे न घेतां, होकार दिला. आणि ज्यांच्याविषयीं तें लिहिलें होतें त्याच कामगारांनीं त्याच्या सरळपणाबद्दल टाळ्यांचा कडकडाट केला. तो निवडून आला.

मिलचें तत्त्व उदात्त खरें. पण तें उदार मालकाच्या देशांत शोभणारें होतें. १८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समधील कार्डिगनशायर व कार्मार्थनशायर ह्या परगण्यांत अनेक कुळांना जमिनीवरून हुसकून लावण्यांत आलें. त्यांचा अपराध एवढाच, कीं जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध त्यांनीं लिबरल पक्षाला उघड मत दिलें होतें. ज्या घरांत बापाचा जन्म झाला तें घर सोडून जाणाऱ्या कुळास, मत ही सार्वजनिक ठेव आहे, असें सांगून काय उपयोग? चौकांत सर्वजण पाहत होते. परंतु त्या सर्वांत ज्याच्या हातीं घरभाडें आणि भाकरी होती त्याचे डोळे अधिक तीक्ष्ण होते. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया ह्या वसाहतींनीं १८५६ सालीं गुप्त मतदान सुरू करून तें सुरळीत चालतें हें दाखवून दिलें होतेंच. अखेर ग्लॅडस्टनच्या कारकीर्दींत, १८ जुलै १८७२ रोजीं, बॅलट ॲक्ट मंजूर झाला. उमेदवारी अर्ज लेखी झाला, हात वर करणें संपलें, मताची चिठ्ठी पेटींत पडूं लागली, आणि मंचाचे सुतार घरीं बसले.

नव्या कायद्याची पहिली पोटनिवडणूक १५ ऑगस्ट १८७२ रोजीं यॉर्कशायरांतील पाँटिफ्रॅक्ट येथें झाली. तें गांव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील मतपेटीवर लाखेची मोहोर करतांना त्या वड्यांवर छाप उठविण्याचा ठसाच वापरला गेला; ती पेटी आजही गांवच्या संग्रहालयांत आहे. दिवस असा शांत गेला, कीं निवडणूक चालू आहे हें ओळखूं येऊं नये.

ह्या शांततेचा लाभ पुढें कोणाकोणास झाला, ह्याचें एक उदाहरण आपल्या मुंबईशीं निगडित आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापन केलेले दादाभाई नौरोजी १८८६ सालीं लंडनच्या होबर्न भागांतून उभे राहिले व पडले. १८८८ सालीं पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी ह्यांनीं एडिंबरो येथील भाषणांत त्यांना काळा मनुष्य म्हणून हिणविलें. तरीही १८९२ सालीं सेंट्रल फिन्सबरी येथून दादाभाई निवडून आले. पहिल्या मोजणींत त्यांचें मताधिक्य अवघें तीन होतें. जेथें तीन मतांवर निकाल लागतो, तेथें एकेका मतदाराला शेजाऱ्याच्या हेटाळणीपासून व मालकाच्या रोषापासून मिळालेलें संरक्षण किती मोलाचें, हें सांगणें न लगे.

स्वतंत्र भारतानें १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच प्रत्येक प्रौढास मत दिलें आणि तें गुप्त ठेवलें. त्या वेळीं दर उमेदवाराची पेटी वेगळी असून तिच्यावर त्याचें चिन्ह लावलेलें असे, म्हणजे निरक्षर मनुष्यासही दुसऱ्या कोणाला न सांगतां मत देतां यावें. बिनमताचा प्रौढ उरला नाहीं. तेव्हां त्याच्या हातासाठीं मंचाचीही गरज उरली नाहीं, असें वाटेल. परंतु हस्टिंग्जचीं कामें दोन होतीं. मतदारानें आपलें मत सर्वांस दाखवावें हें एक, आणि उमेदवारानें आपलें तोंड सर्वांस दाखवावें हें दुसरें. कायद्यानें पहिलें काम रद्द केलें तें योग्यच केलें. दुसरें रद्द करावें, असें कोणींही म्हटलें नव्हतें.

इंग्रजांनीं तें ध्यानांत ठेवलें असावें. आज ब्रिटनमध्यें हस्टिंग्ज म्हणजे मतदारसंघांतील सर्व उमेदवारांनीं एका सभेंत शेजारीं शेजारीं बसून लोकांच्या प्रश्नांस उत्तरें देणें. बहुधा गांवच्या शाळेंत किंवा चर्चमध्यें ती सभा भरते. मंच गेला, त्याचा गाभा राहिला. आपल्या मराठी वृत्तपत्रांत ह्या शब्दाच्या जागीं ‘आखाडा’, ‘रिंगण’, ‘रणधुमाळी’ हे शब्द येतात. ते जोरकस आहेत. पण ते कुस्तीचे आणि युद्धाचे शब्द आहेत. तेथें लढतात दोघे आणि बाकीचे कडेला बसून पाहतात. हस्टिंग्ज हा सभेचा आणि न्यायासनाचा शब्द आहे. तेथें कडेला बसलेल्यांनीं विचारावयाचें आणि मध्यें उभ्या असलेल्यानें उत्तर द्यावयाचें असतें. मथळ्यांतील ह्या शब्दाचें भाषांतर ‘आखाडा’ असें केलें, तर बाकीचें सर्व येतें, प्रश्न विचारणारा तेवढा गळतो. मतपेटीभोंवतीं पडदा लावला तो दुबळ्या मतदाराच्या रक्षणासाठीं. त्याच पडद्याआड उमेदवारही जाऊन बसूं लागला, तर त्याला बाहेर बोलावण्याचा हक्क आपला आहे, एवढें तरी ह्या जुन्या अनेकवचनी शब्दापासून आपण घ्यावें.